गर्दी, फोटो क्रमांक सात

३ मार्च, सोमवार

ही वही माझी नाही, आईची आहे. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आज दम दिल्यासारखं सांगितलं, "रोज लिहून ठेवायचं. कुठलं बोट हललं, किती गिळलं, कशाला हसल्या. अर्धांगाचा झटका आल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत जे परत येतं ते येतं. पुढे फार आशा धरू नका." मग ताईंकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे माणूस बदलू नका. यांच्या हाताची सवय झालीय त्यांना."

तर घ्या. आई: उजवा हात शून्य. बोलणं शून्य. सूप सहा चमचे, सातवा माझ्या शर्टावर.

झालं. दीड ओळीत आई संपली आणि वही दोनशे पानांची. कोरा कागद वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून उरलेल्या जागेत मी माझं रडगाणं गाणार आहे. आईला सध्या वाचता येत नाही आणि बायकोला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा चिंता नाही.

ताई म्हणजे आईला सांभाळायला येणारी बाई. एजन्सीनं पाठवलेली. बाहेरची आहे, बाहेरची म्हणजे पार बाहेरची, तिच्या घरी पोचायला दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशी तिनं नाव सांगितलं होतं, ते माझ्या जिभेवर बसेना, म्हणून ताई. फोनमध्ये 'आई केअर' म्हणून सेव्ह केलीय. डोक्याला निळा स्कार्फ, पायात आवाज न करणाऱ्या चपला, आणि आईशी दिवसभर गप्पा. आई उत्तर देत नाही, तरी ही प्रत्येक वाक्यानंतर थांबते, उत्तराची वाट बघते आणि मगच पुढचं बोलते. आमच्या ऑफिसात एवढं कोणी कोणाचं ऐकून घेत नाही.

६ मार्च, गुरुवार

मी बातम्यांच्या वेबसाइटवर फोटो डेस्कला असतो. वार्ताहरांना वाटतं बातमी ते लिहितात. बिचारे! शीर्षक आणि फोटो ओलांडून खालपर्यंत किती वाचक उतरतात ते ऑफिसच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसतं. शंभरातले अकरा. उरलेले एकोणनव्वद माझ्या फोटोवरून मत बनवतात, खाली दोन शिव्या लिहितात आणि जेवायला जातात.

आज नोंदणी कार्यालयाचा अहवाल आला. वर्षभरात आठ हजार माणसं बाहेरून शहरात राहायला आली, नऊ हजार शहर सोडून गेली. पोरंसुद्धा सांगतील की शहर हजारानं रिकामं झालं. साहेबांनी शीर्षक दिलं, 'शहरावर आठ हजारांचा लोंढा!'

मी म्हटलं, "साहेब, नऊ हजार गेलेसुद्धा."

"गेलेल्यांचा फोटो आहे?"

"गेलेल्यांचा कसा असेल?"

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. आयसीयूत नातेवाईक मॉनिटरकडे बघतात तसे ते त्या स्क्रीनकडे बघतात.

मी 'गर्दी' नावाचं फोल्डर उघडलं आणि सात नंबर लावला. हा माझा हुकमी फोटो. लांबच्या लांब रांग, दमलेले चेहरे, पुढे निळ्या स्कार्फची एक बाई थेट कॅमेऱ्यात बघतेय. चार वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेला. तेव्हा त्यात नको ते बरंच होतं; वर कसलासा फलक, बाजूला टेबल, खाली लोकांचे हात. मी सगळं कापून चेहरेच ठेवले आणि घाईत कापलेलीच फाइल मूळ फाइलवर सेव्ह केली. त्यामुळे ती रांग कशाची होती हे आता कुणालाच माहीत नाही. रांग ती रांग. पाणीटंचाईला लावली, नोकरभरतीला लावली, एकदा सिनेमाच्या तिकिटांनाही लावून झाली. कुणी हूं की चूं केलं नाही.

कोपऱ्यात 'संग्रहित छायाचित्र' असं बारीक अक्षरात टाकलं. आपण नियमानं चालणारी माणसं.

आई: ताईनं तिला नवा खेळ शिकवलाय. डाव्या हातात चमचा दिलाय आणि उशाशी स्टीलची वाटी पालथी ठेवलीय. एकदा टण् केलं की पाणी. दोनदा म्हणजे कूस बदला. तीनदाही वाजवते आई, पण ते दोघींचं काहीतरी खासगी दिसतंय. आई तीनदा वाजवते, ताई स्वयंपाकघरातून काहीतरी ओरडते आणि आई अर्ध्या तोंडानं हसते. विचारायचं राहून गेलं.

११ मार्च, मंगळवार

लोंढा तुफान चालला! साहेबांनी मालिकाच जाहीर केली. 'आपलं शहर, कुणाचं शहर?' रोज एक भाग, रोज सात नंबर. वाचकांना सवय लागली पाहिजे म्हणतात, साबणाच्या वेष्टनासारखी.

ताईनं निळा स्कार्फ सोडून करडा धरलाय, वर मास्क. मी म्हटलं, "काय ताई, सर्दी?"

"नाही दादा. बसमध्ये बघतात लोक."

"बघू दे की. बघायला काय जातं त्यांचं?"

तिनं मास्क आणखी वर ओढला. बायकांना कोणी बघितलं तरी त्रास, नाही बघितलं तरी त्रास. हे वाक्य मी बायकोसमोर बोललो नाही, एवढी अक्कल मला आहे.

आई: 'आ' असा आवाज, दोनदा. ताई म्हणते तो जांभईचा नव्हता.

१२ मार्च, बुधवार

काल सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काकांनी आमचीच बातमी टाकली, वर तीन लाल दिवे आणि 'सावधान!!!'. उद्गारचिन्हांची त्यांच्याकडे ददात नाही. खाली ठराव: बाहेरून आलेल्या कामगारांनी लिफ्ट वापरू नये, मागच्या जिन्यानं यावं, फोटोचं ओळखपत्र गळ्यात घालावं, आणि रात्री कुणाही घरात मुक्काम करू नये. सहमत असणाऱ्यांनी अंगठा द्यावा.

मी अंगठा दिला. म्हणजे ठरावाला नाही, फोटोला दिला. आपला फोटो आपल्याच सोसायटीत फिरतोय म्हटल्यावर छाती फुगणार नाही का?

आमचा मजला पाचवा आहे, हे मला नंतर आठवलं. ताई आज सकाळी आली तेव्हा दोन मिनिटं दाराला टेकून उभी होती. मग आत जाऊन नेहमीसारखी आईला म्हणाली, "आजी, आज तुमच्यासाठी डोंगर चढून आले."

१६ मार्च, रविवार

धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल. तो तिकडे जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्याकडे यावरून शब्दांचे नियम ठरलेले आहेत. तो गेला म्हणजे 'परदेशी स्थायिक झाला'. आपल्याकडे जे येतात ते 'लोंढे'. व्याकरण एकच, कर्ता बदलतो.

"इथे हल्ली वातावरण खराब झालंय रे," तो म्हणाला. "रोज बातम्यांत आमच्यासारख्यांच्या रांगांचे फोटो. ऑफिसात लोक विचारतात, तुम्ही अजून किती जण येणार? मी काय रेल्वेचं वेळापत्रक आहे? हे फोटो लावणारे कोण असतात रे, तुला माहीत असेल."

मी म्हटलं, "असतात कुणी रिकामटेकडे."

आईला त्यानं बराच वेळ हाका मारल्या. ती स्क्रीनकडे बघत होती, मग तिनं तीनदा चमचा वाजवला. ताईची रविवारची सुट्टी. आम्ही पाणी पाजलं, कूस बदलली. पुन्हा तीनदा. हट्टी आहे, पहिल्यापासूनच.

१९ मार्च, बुधवार

कुणीतरी सात नंबरवर भेसूर संगीत चढवून व्हिडिओ केला. 'यांना घर फुकट, औषध फुकट, तुम्हाला काय?' असं वर लिहिलंय. हे फुकटचं प्रकरण आमच्या बातमीत कुठेच नव्हतं. पण व्हिडिओ पसरला म्हटल्यावर आम्ही त्याची बातमी केली, 'व्हायरल व्हिडिओमागचं सत्य काय?' आत सत्य नव्हतं. सत्य शोधायला माणूस पाठवावा लागतो, आणि आमचा वार्ताहर तेव्हा त्या व्हिडिओवरच्या प्रतिक्रिया गोळा करण्यात गुंतला होता. मग त्या व्हिडिओवाल्यानं आमची बातमी दाखवून म्हटलं, 'बघा, आता बातम्यांतही आलं!' असं आम्ही एकमेकांना साक्षीदार झालो. दोघंही घटनास्थळी नव्हतो, हा भाग वेगळा.

आणि मला बढती! व्हिज्युअल प्रमुख. खुर्चीला हात आलेत, म्हणजे खुर्चीचे. घरी पेढ्याबिढ्याचं नाव नाही; बायको म्हणाली, "म्हणजे आता आणखी फोटो कापणार का?" हिच्या तोंडून कौतुक काढायचं तर आईआधी हिलाच फिजिओथेरपी लागेल. पण खोटं कशाला बोलू, मी खूश आहे. सतरा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी मला नावानं हाक मारली.

२० मार्च, गुरुवार

आई: उजव्या हातानं चमचा धरला!! सेक्रेटरी काकांची उद्गारचिन्हं उसनी घेतलीत. नऊ-दहा सेकंद धरला आणि खाली पडला. ताईनं मला ऑफिसात फोन करून तो पडल्याचा आवाज ऐकवला. आजूबाजूला लोक होते म्हणून मी खिडकीशी गेलो. रडलो थोडा. फिजिओबाई म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. हे दोन महिने महत्त्वाचे."

ताईला म्हटलं, तुमच्यामुळे झालं. ती म्हणाली, "आजींनी केलं, मी फक्त समोर बसले."

२४ मार्च, सोमवार

आजचं लिहायला हात धजत नाही, पण वही समोर आहे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ताई निघायच्या तयारीत होती. पर्स उघडून म्हणाली, "दादा, तुम्ही पेपरातच आहात ना?"

"पेपर असा नाही, वेबसाइट. का?"

तिनं प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कात्रण काढलं. चार वर्षांपूर्वीचा छापील पेपर, कडा पिवळ्या झालेल्या. त्यात सात नंबर होता. अख्खा. वर फलक, 'रक्तपेढी'. बाजूला टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं. आणि खाली हात. प्रत्येकाची बाही कोपरापर्यंत वर गुंडाळलेली. निळ्या स्कार्फवाल्या बाईच्या हाताला कापसाचा बोळा. कचरा म्हणून मी जे जे कापलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. खाली ओळ: 'कारखान्यातील स्फोटात जखमी झालेल्यांना रक्त देण्यासाठी लागलेली रांग. सर्वात पुढे...' आणि तिचं नाव.

नाव अगदी सोपं आहे. तीन अक्षरांचं. ते इथे लिहीत नाही. दीड महिना विचारलं नाही आणि आता वहीत लिहून काय मोठेपणा?

"ही मी," ती म्हणाली. मास्क खाली घेतला होता. "तेव्हा गावी आईला कात्रण पाठवलं होतं, एक माझ्याकडे ठेवलं. आता तोच फोटो सगळीकडे फिरतोय, पण खालचं लिहिलेलं त्यांच्याकडून राहून गेलंय. गडबडीत राहिलं असेल. तुम्ही सांगाल का तुमच्या ऑफिसला? त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नसेल, रांग कशाची होती ते."

बिचाऱ्यांना!

"सांगतो," मी म्हटलं.

"एवढं केलंत तर बरं होईल. घरमालक फोनवर तो फोटो बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. अजून विचारलं नाही त्यानं, पण विचारेल."

ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "तूच कापलास ना तो?"

"ऑफिसनं कापला."

"ऑफिसला हात असतात का?"

२५ मार्च, मंगळवार

कात्रणाचा फोटो घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो. साहेबांनी शांतपणे पाहिला.

"छान आहे. मग?"

"दुरुस्ती टाकू या. मूळ फोटो, मूळ ओळ. रक्तदात्यांना आपण फुकटे ठरवलं, साहेब."

"आपण कुठे ठरवलं? आपण लिहिलंय का तसं? आपण फक्त विचारलं, कुणाचं शहर. उत्तर लोकांनी दिलं." मग समजावणीच्या सुरात, "हे बघ, दुरुस्ती कोण वाचतं? चाळीस लोक. त्या चाळिसातले पस्तीस वकील. मालिका मात्र झोपेल. आणि तुला खुर्ची देऊन आठवडा झाला नाही."

मी खुर्चीच्या हातांकडे बघितलं. मग मला एक भन्नाट कल्पना सुचली. माझ्या सगळ्या भन्नाट कल्पना अशाच, खुर्चीत बसल्यावर सुचतात. म्हटलं, "तिचा चेहरा धूसर करतो. मग ती ओळखूच येणार नाही. कुणाला त्रास नको."

"कर की," साहेब म्हणाले. "आपण माणुसकी सोडलेली नाही."

पाच मिनिटांचं काम. तिचा एकटीचा चेहरा धूसर केला, बाकीचे आहेत तसे ठेवले. सगळे धूसर केले तर फोटोत उरणार काय? घरी येऊन ताईला सांगितलं, "बोललोय. करतायत."

तिनं हात जोडले. मला नजर वर करता आली नाही.

आई: उजव्या हातात चमचा, वीस सेकंद. वाटीपर्यंत पोचला.

२७ मार्च, गुरुवार

सतरा वर्षं हे काम करतोय आणि ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही. आम्ही चेहरा धूसर कुणाचा करतो? आरोपीचा. वाचकांना आम्हीच शिकवलंय ते.

'हिचाच चेहरा का झाकला? काय केलंय हिनं?'

'पोलीस तपास चालू असणार.'

'मुलं पळवणारी टोळी आहे, माझ्या मेव्हण्याला आतली माहिती आहे.'

दुपारपर्यंत कुणीतरी जुना उघडा फोटो आणि नवा झाकलेला शेजारी-शेजारी लावून विचारलं, 'निळ्या स्कार्फवाली कोण?' संध्याकाळी स्क्रीनवर तीन लाखांचा आकडा. साहेबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "धूसर करायची आयडिया कुणाची? अरे, तू तर हिरा निघालास!"

मी म्हटलं, फोटो काढून टाकू या. ते म्हणाले, "आत्ता? आता काढला तर लोक म्हणतील काहीतरी लपवतायत." आणि लोक खरंच तसंच म्हणाले असते.

आई: नोंद नाही. लक्ष नव्हतं.

२८ मार्च, शुक्रवार

ताई उशिरा आली. डोळे सुजलेले. घरमालकानं रविवारपर्यंत खोली सोडायला सांगितलीय. तिनं कात्रण दाखवलं. तो म्हणाला, हे जुनं आहे. तुझा चेहरा आत्ता झाकलाय म्हणजे तू आत्ता काहीतरी केलं असणार, उगाच कोण कुणाचा चेहरा झाकतं? एजन्सीनंही फोन करून सांगितलं की सध्या काम नको, वातावरण निवळलं की बघू.

"दादा, ते खालचं लिहिलेलं टाकलं का त्यांनी?"

"टाकतायत. वेळ लागतो."

बायकोनं मला बाजूला घेतलं. "तिला इथेच राहू दे. आईंच्या खोलीत जागा आहे. एजन्सी गेली उडत."

मी सेक्रेटरी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, फोन काढला, ठराव उघडला. "रात्रीचा मुक्काम नाही. सर्वानुमते. हा तुमचाच अंगठा ना? सतरावा."

"काका, तो मी फोटोला दिला होता."

"अंगठ्यावर कुठे लिहिलंय कशाला दिला ते?"

मी भांडायला हवं होतं. आरडाओरडा करायला हवा होता, मूळ फोटो ग्रुपवर टाकायला हवा होता, वर लिहायला हवं होतं की हा मी कापला. एक मिनिट लागलं असतं. फोन हातातच होता. पण ग्रुपवर साहेबांचे मेव्हणेही आहेत. मी "बघा काही जमतंय का" म्हणालो आणि जिना चढून परत आलो. मागचा जिना. का, ते माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर मलाही बसावं लागलं.

३० मार्च, रविवार

सुट्टीच्या दिवशी ताई निरोप घ्यायला आली. बरोबर दोन बॅगा. आईचे केस धुतले, नखं कापली, बायकोला सगळं समजावलं. औषधं कुठली, उशी किती उंच, सूप किती कोमट. "एकदा वाजवलं तर पाणी. दोनदा वाजवलं तर कूस."

"आणि तीनदा?" बायकोनं विचारलं.

ताई आईच्या पांघरुणाची घडी नीट करत राहिली. "ते काही नाही वहिनी. ते आता लागणार नाही."

दारात तिनं मला कात्रण दिलं. "असू द्या तुमच्याकडे. ऑफिसात मूळ बघायला मागितलं तर?" मी ते घेतलं. या क्षणी तरी सांगायचं होतं की ताई, ऑफिस म्हणजे मी. तोंड उघडलंही. बाहेर आलं ते, "सांभाळून जा."

जिन्यावर पावलांचा आवाज नव्हता. त्या चपलाच तशा.

१ एप्रिल, मंगळवार

एजन्सीनं नवी बाई पाठवली. 'स्थानिक, खात्रीची.' खात्रीची दिवसभर फोनवर आमचे व्हिडिओ बघते, म्हणजे आमचा वाचकवर्ग घरपोच आला म्हणायचा. आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. चमचा लावला की मान फिरवते. उद्याही तेच झालं तर नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

आई: सूप दोन चमचे. उजवा हात पांघरुणाखाली, बाहेर काढू देत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सकाळी साहेबांनी नवीन मालिकेचा विषय दिला. शहरात घरोघरी म्हाताऱ्यांना बघायला माणसं मिळेनात. गेल्या पंधरवड्यात काळजी घेणाऱ्या शेकडो बायका निघून गेल्या. शीर्षक: 'ऐनवेळी काम सोडून पळाल्या!' का गेल्या, याला बातमीत जागा नव्हती. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "आता गेलेल्यांचा फोटो लागेल. आहे?"

मी खिशातलं कात्रण काढून त्यांच्यासमोर ठेवलं. म्हणालो, "हा आहे. अख्खा लावायचा, खालच्या ओळीसकट. नाहीतर दुसरा माणूस बघा." साहेब हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला. मग हसू ओसरलं आणि म्हणाले, "घरी जा. आई आजारी आहे तुझी, डोकं ठिकाणावर नाही." मी निघालो. नोकरी सोडली की नाही, हे मला अजून नक्की माहीत नाही. मोठा शूर वाटलो क्षणभर स्वतःला. पाच दिवस आधी वाटलो असतो तर काही उपयोग होता.

घरी आलो तर वाटीचा आवाज. टण् टण् टण्. खात्रीची म्हणाली, "सकाळपासून हेच चाललंय. पाणी दिलं, कूस बदलली, बेडपॅन दिलं. ऐकतच नाहीत." मी बसलो. उशी उंच केली, खाली केली. पंखा, खिडकी, पांघरूण. टण् टण् टण्. चमचा उजव्या हातात होता. उजव्या! ती थकून गेली होती, तरी थांबेना.

शेवटी 'आई केअर'ला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज होता, म्हणजे गावी पोचली होती.

"ताई, तीनदा वाजवलं की काय द्यायचं?"

ती म्हणाली, "काही द्यायचं नाही दादा. तीनदा म्हणजे मी. मी घरात आहे ना, एवढंच विचारतात त्या. मी जिथे असेन तिथून ओ द्यायची. मग गप्प व्हायच्या." थोडं थांबली. तिची ती सवय, उत्तराची वाट बघायची. मग तिनं विचारलं, "दादा, ते खालचं लिहिलेलं आलं का?"

"आलं," मी म्हटलं.

खोटं बोललो. सगळी वही उलटीपालटी करून पाहिली, तिच्याशी एकदाही खरं बोललेलो नाही. मला माझीच शिसारी आली. फोन ठेवला आणि लगेच पुन्हा लावला, सगळं सांगायचं ठरवून, तिच्या नावानं हाक मारून. या वेळी लागला नाही.

आई: उजवा हात चालतो. तीनदा वाजवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तिथून ओ दिली. ती थांबली. मी दारात आलो, तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि पुन्हा तीनदा वाजवलं.